थोरल्या जावेचा खांदा

आई गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा धड फोटो सापडेना. आधार कार्डावरचा फोटो दादांनी, म्हणजे वडिलांनी, बाजूला सारला. त्यात ती घाबरलेली दिसत होती. शेवटी बहिणीच्या लग्नातला एक फोटो मिळाला. त्यात आई हसतेय, पण मोठ्या आईच्या, म्हणजे माझ्या चुलतीच्या, मागे उभी राहून. चुलती उंच आणि आई ठेंगणी. चुलतीच्या खांद्याआडून आईचा डावा अर्धा चेहराच दिसत होता.

नळदुर्गच्या स्टुडिओवाल्याने फोटो संगणकावर घेतला. "अर्धा हाय न्हवं? मग झालंच काम."

त्याने तोच अर्धा भाग उलटा करून शेजारी जोडला. नाकात दोन चमक्या आल्या, त्यातली एक पुसली. मग माउसने हनुवटी ओढली, गाल फुगवले. कणीक मळावी तसा तो चेहरा हलत होता.

"चाळिशीच्या दिसायल्यात बगा आता."

मी पडद्यावर पट्टी धरली. नाकाच्या दोन्ही बाजू सारख्या भरल्या. आईच्या तशा नव्हत्या. उजव्या दाढा काढल्यापासून तिचा तो गाल आत गेला होता.

"हा गाल थोडा आत घ्या," मी म्हणालो. त्याने घेतला.

"अजून?"

मला सांगता येईना. रोज समोर असलेला गाल नेमका किती खोल होता, ते आठवतच नव्हतं. आहे तसा छापून घेतला.

घरी दादांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. "बाई चांगली हाय," ते म्हणाले, "पर आपली न्हाय. लग्नातला हाय तसाच लाव."

पण जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, आणि त्या फोटोतला आईपुरता भाग कापून घेतला तरी त्यात चुलतीचा खांदा येत होता. बायकोनेच ते लक्षात आणून दिलं. दादा म्हणाले, "वहिनीस्नी इचारून ये."

चुलती ओसरीवर तूर निवडत होती. मी अडखळत सगळं सांगितलं.

"माझं तोंड न्हाय ना त्यात?"

"न्हाय. खांदाच."

"मग ऱ्हाऊ दे की. जलमभर माझ्या आडून बघितलं तिनं. आता एकलीला कुणाम्होरं उभी करताव?" ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "हार तेवढा माझ्याकडनं सरकवून घाला. मला लई घाई न्हाय."

तेराव्याला दादांनीच हार घातला. तो घसरून खांद्यावर यायला लागला, तेव्हा त्यांनी हातोडी मागितली आणि आईच्या बाजूला आणखी एक खिळा मारून हार तिकडे अडकवला. चुलती समोरच बसली होती. खिळा पक्का बसला. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "हां भावजी, आता हसायली बगा."