लुंबुंगची गादी

जावातल्या सलातिगाच्या तंत्रशाळेत शिकवणाऱ्या हर्सांतोसरांनी गावोगावच्या दवाखान्यांसाठी ‘लुंबुंग’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. लुंबुंग म्हणजे धान्याचं कोठार. यात हिशेब मात्र औषधांचा. सरांनी ते सगळ्यांना खुलं ठेवलं. कुणीही फुकट वापरावं, उघडून पाहावं, सुधारावं. जावापासून पार तिमोरपर्यंत ते पसरलं. आम्ही काहीजण हौसेनं दुरुस्त्या पाठवायचो, पण सरांनी मान डोलावल्याशिवाय एक ओळ आत जात नसे.

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. ते इस्पितळात असतानाच एक चूक सापडली. मुदत संपलेली औषधं लुंबुंग चांगली म्हणून दाखवत होतं. दुरुस्ती तयार होती, पण ती आत घालायचा अधिकार एकट्या सरांकडे.

“सर बरे होईपर्यंत लोकांनी मुदत गेलेल्या गोळ्या खायच्या का?” आमच्यातली मकासरची तेनरी फोनवर कडाडली. “मी दुरुस्ती घालून लुंबुंगची वेगळी प्रत काढते. शिव्या मी खाईन.”

तिनं काढली. दवाखाने भराभर तिकडे गेले. आम्हीही गेलो, पण घरातलं वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना वाटण्या करून घेतल्यासारखं वाटत राहिलं.

सर घरी आल्यावर तेनरी मकासरहून आली. मी तिला घेऊन गेलो. सरांच्या पत्नी लास्त्रीबाईंनी चहा आणि सोयाबीनचं तळलेलं तेंपे पुढं ठेवलं. तेनरीनं मान खाली घातली.

“सर, तुम्हाला न विचारता मी…”

“विचारणार कुणाला होतीस?” सरांची जीभ अजून जड होती. “मला तर बायकोचं नाव आठवत नव्हतं!”

“सोयीचंच होतं ते तुम्हाला,” लास्त्रीबाई म्हणाल्या.

हसू ओसरल्यावर सर हळूहळू म्हणाले, “सगळ्या किल्ल्या कमरेला लावून बसलो होतो मी. तू दार फोडलंस म्हणून घर वाचलं, पोरी. आता लुंबुंग हे नावही तूच घे.”

“घेते. पण किल्ल्या एकट्या माझ्याकडे नाही, आमच्यातल्या तिघांकडे राहतील.”

“हे मला सुचायला हवं होतं,” म्हणत सरांनी डाव्या हातानं कळफलकावर एकेक अक्षर शोधत जाहीर केलं: ‘लुंबुंग यापुढे तेनरी पाहील.’ तेनरीला रडू आवरेना.

पुढं सर आमच्यासारखेच दुरुस्त्या पाठवू लागले. पहिलीच तेनरीनं परत केली: ‘सर, दुरुस्ती नीट चालते हे दाखवणारी चाचणी जोडलेली नाही.’ तेवढ्यात सरांचा मला फोन.

“पोरीनं परत पाठवली रे माझी! आता मी निर्धास्त झालो.”

चाचणी जोडून त्यांनी ती पुन्हा पाठवली. खाली लिहिलं होतं: ‘तपासून घेतल्याबद्दल आभारी आहे.’