आमचीच लाईन बंद होती

पोलिसांच्या साहेबानं माझ्या हातातला रिसीव्हर ओढून घेतला. खिशातून रुमाल काढला आणि तो पुसला. कानाकडची बाजू पुसली, तोंडाकडची बाजू पुसली. मग रुमाल खाली टाकून दिला. माझ्याच बूथमध्ये, माझ्या पायाशी. आणि माझ्याच फोनवरून वरच्या साहेबाशी बोलायला लागला.

"सगळं आटोक्यात आहे सर. पकडलेत. हो, गाडीत घातलेत."

बाहेर बाजार उठला होता. कांदे, सुकट, मिरच्या रस्त्यावर सांडलेल्या. आमच्या पाड्यावरच्या बायका बूथसमोर उभ्या होत्या. त्यांचे नवरे, त्यांची पोरं नुकतीच पोलिसांनी उचलून नेली होती. कुठं नेली ते कोणालाच माहीत नव्हतं. साहेबानं फोन ठेवला तशी रुकमी अक्का पुढं झाली. मला म्हणाली, "बहीन, फोन लाव ना वं. त्यासले कोठे लई ग्यात, ईचार तरी."

साहेबानं ऐकलं. हसला.

"तुम्हा लोकांना फोन कशाला लागतो गं? झाडावर चढा आणि ओरडा. या डोंगरातून त्या डोंगरात जातं तुमचं."

हवालदार हसले. समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभे होते तेही हसले. साहेब बाहेर पडताना त्याला वाट द्यायला मी सरकले. माझी कुबडी त्याच्या रुमालावर पडली, घसरली, आणि मी खाली आपटले. तो माझ्यावरून पाय टाकून गेला. रुकमी अक्कानं मला काखेत हात घालून उचललं. हवालदार रात्रीपर्यंत बूथच्या दारातच उभे राहिले, कोणाला फोन लावू दिला नाही.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. साक्री तालुक्याची पश्चिमेची बाजू, पिंपळनेरच्याही पुढं, घाटाजवळचं बाजाराचं गाव. मी भिलाची मुलगी. लहानपणी पोलिओनं एक पाय गेला. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले आणि घरी बसून राहिले. मग अपंगांना टेलिफोनचे बूथ मिळतात असं कळलं. बाप मला पाठंगुळी घेऊन कचेऱ्या चढला. बूथ मिळालं. पत्र्याचं, पिवळी पाटी, आत काचेचं दार, लाल आकड्यांचं मीटर. गावात फोन फार नव्हते. एक शेठच्या दुकानात, एक ग्रामपंचायतीत, एक आश्रमशाळेत. आणि एक माझ्याकडं. पाड्यावरच्या माणसाला आत येऊन खुर्चीत बसून बोलता येईल असा फक्त माझा.

लोक यायचे. कोणाचा पोरगा गुजरातेत ऊसतोडीला, कोणाची लेक दवाखान्यात. माणसं फोनवर मोठ्यानं बोलायची, लांबचं माणूस म्हणून आणखी मोठ्यानं. कोणी रडायला लागलं की मी काचेचं दार ओढून घ्यायचे आणि रस्त्याकडं तोंड करून बसायचे. ते बोलणं त्यांचं होतं. मला कोणी शिकवलं नव्हतं हे. आपोआप कळलं होतं.

त्या वर्षी जंगलखात्याच्या माणसांनी वनजमिनीवरच्या नागलीच्या उभ्या पिकात गुरं घातली. बापजाद्यांपासून कसलेली जमीन. लोक मोर्चा घेऊन खात्याच्या कचेरीवर गेले. परत आले ते बाजारात बसले. तिथंच लाठी चालली. रुकमी अक्काचा नवरा गुलाबभाऊ पुढं होता. त्याच्या डोक्यातून रक्त येत होतं, तसाच गाडीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिसीव्हर उचलला तर आवाज नाही. शिट्टी नाही, खरखर नाही. मेलेला.

गावात लाईनमन होता, त्याला सगळे नाना म्हणायचे. चांगला माणूस. त्याला बोलावलं. तो आला, वायरीला हातही लावला नाही. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "लाईनमा काही बिघाड नई शे, बहीन. वरतून सांगेल शे. मन्हं नाव कोठे लेऊ नको."

"का पण?"

"अफवा नको फैलायला म्हनीसन."

आश्रमशाळेचा आणि ग्रामपंचायतीचा फोनही बंद होता. शेठच्या दुकानातला फोन मात्र वाजत होता. मला माझ्या टपरीत बसून ऐकू येत होता. सरकारला शेठच्या अफवांची भीती नव्हती. भीती आमच्या तोंडाची होती.

गावाकडच्या एसट्याही थांबवल्या होत्या. पायी निघालेल्यांना नाक्यावरून मागं फिरवत. आम्ही आत, जग बाहेर.

मग बातमी आली. जंगलातून मोळी घेऊन येणाऱ्या कोणीतरी पोलिसांची गाडी बघितली होती, तिच्यात माणसं आडवी पडलेली. आडवी पडलेली. एवढंच. बातमी पाड्यावर पोचेपर्यंत तिच्यातली माणसं मेली होती. आणि त्यात गुलाबभाऊ होता.

रुकमी अक्का माझ्याकडं धावत आली. मी तिला घेऊन शेठच्या दुकानात गेले. मी वरच्या पायरीवर कुबडी टेकली तसा शेठ म्हणाला, "खालीच थांब. काय सांगायचं ते मला सांग, मी बोलतो."

"धुळ्याच्या दवाखान्यात विचारा. गुलाब नावाचा माणूस आणलाय का. डोक्याला लागलेला."

शेठनं नंबर फिरवला. बोलायला लागला. "हां, नमस्कार. हां, गुलाब. नाही? बरं, बरं." रिसीव्हर कानाला, मान हलवतोय. आणि त्याचा अंगठा हुकवर होता, रिसीव्हर ठेवतात त्या खटक्यावर. दाबलेला. फोन लागलेलाच नव्हता. तो कोणाशीच बोलत नव्हता.

"शेठ, अंगठा काढा," मी म्हटलं.

"काय?"

"अंगठा काढा हुकवरचा. बाई मरतेय इथं. तुम्ही नाटक करताय."

शेठनं रिसीव्हर आपटला. "लंगडे, मला शिकवतेस? दोन अक्षरं शिकली म्हणून डोक्यावर बसशील? चल, हो खाली!" नोकरानं माझी कुबडी पायानं सरकवली. रुकमी अक्का मागं वळली होती. तिनं तिचं उत्तर ऐकलं होतं. शेठ नाही म्हणाला होता. म्हणजे दवाखान्यात नाही. म्हणजे मेला.

मी तिला रस्ताभर सांगत होते, अगं, फोन लागलाच नव्हता, तो खोटं बोलला. तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. शेठसारखा मोठा माणूस फोनवर उगाच कशाला बोलेल?

घरी जाऊन तिनं बांगड्या फोडल्या. बायका जमल्या. रडणं झालं. गुलाबभाऊची म्हातारी आई ओट्यावर बसली होती, ती तशीच बसून राहिली. भाकरी समोर ठेवली तरी बघेना. पाणी ओठाला लावलं की बाहेर सोडायची. पोराच्या नावानं एकदाही हाक मारली नाही. काही दिवसांनी सकाळी बायका उठवायला गेल्या तर गार पडली होती.

म्हातारीला आम्ही मातीत घातलं. पोराला कळवायला फोन नव्हता. आणि पोरगा तर मेलेला आहे असंच सगळे समजत होते.

अफवा थांबवायला फोन बंद केला होता ना? घ्या. अफवेनं माणूस खाल्लं.

तिच्या मातीनंतर साहेबानं मला बोलावणं पाठवलं. जीप आली होती. कचेरीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मला बस म्हटलं नाही. उभं राहून राहून चांगला पाय थरथरायला लागला, तेव्हा मी भिंतीला धरून खाली बसले. साहेब टेबलावरून खाली बघत बोलला. आवाज गोड होता.

"तुझी लाईन उद्या सुरू करतो. गरीब आहेस, अपंग आहेस, मला कळतं. फक्त एक काम. कोण फोन करतं, कुठं करतं, काय बोलतं, ते कान देऊन ऐकायचं. बाजाराच्या दिवशी हवालदार येईल, त्याला सांगायचं. एवढंच."

मी कुबडी जवळ ओढली.

"तुला तर बसल्या जागी ऐकू येतं. कष्ट काय त्यात?"

माझ्या डोळ्यांसमोर म्हातारीचे बंद ओठ आले. पाणी बाहेर सोडणारे. आणि एकदम छातीतली भीती कुठंतरी गेली. गेली म्हणजे गेलीच. तिच्या जागी राग नव्हता, रडू नव्हतं. नुसतं साफ झालं, अंगण झाडल्यासारखं.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"मी कोणाचं ऐकणार नाही. फोनवरचं बोलणं ज्याचं त्याचं असतं. आणि साहेब, माझा फोन कोणाच्या हुकमानं बंद केला? तो हुकूम मला लेखी द्या."

टेबलाशी बसलेला कारकून लिहायचा थांबला. साहेब पुढं वाकला.

"तुला वाचता येतं?"

"येतं. म्हणूनच मागते."

"तोंडी आहे," तो म्हणाला. आता आवाज गोड नव्हता. "तोंडी हुकूम आहे. चालती हो. पुन्हा बूथ दिसणार नाही तुला."

चालती हो म्हणाला. मी चालत आले. जीप परत सोडायला नव्हती.

एसट्या सुरू झाल्या त्या दिवशी मी रुकमी अक्काला घेऊन धुळ्याला गेले. स्टँडसमोर एका बूथवर बसले. त्या बूथवाल्याचा एक हात नव्हता. आम्ही एकमेकांकडं बघितलं, तो काही न विचारता सरकला, मला त्याच्या स्टुलावर बसवलं. दवाखान्यात लावला. वकिलांना लावला. एका तरुण वकील बाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी शोध घेतला. गुलाबभाऊ तुरुंगात होता. डोक्याला टाके पडलेले, पण जिवंत. बाकीचेही जिवंत. सगळेच्या सगळे.

वकील बाईंनी भेट मिळवून दिली. जाळीच्या पलीकडं गुलाबभाऊ आला, डोक्याला पट्टी. रुकमी अक्कानं जाळी धरली. "जित्ता शे वं बहीन," एवढंच म्हणत राहिली, "जित्ता शे." तिचे हात मोकळे होते. गुलाबभाऊची नजर त्या मोकळ्या मनगटांवर गेली. त्याला कळेना.

"बांगड्या कोठे गयात?"

तिनं हात पदराखाली घेतले. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"माय कशी शे?"

मला सांगावं लागलं. जाळीतून. आजूबाजूला लोक ओरडून बोलत होते, म्हणून मलाही ओरडून सांगावं लागलं की तुझी आई गेली, तू मेलास असं समजून गेली. तो खाली बसला. जाळीच्या खालच्या कडेशी फक्त त्याचं डोकं दिसत होतं, पट्टीचं. भेटीची वेळ संपली.

बाजाराच्या दिवशी मी माझ्या बंद टपरीसमोर उभी राहिले आणि एकेकाचं नाव घेऊन निरोप सांगितला. कोण कसा आहे, कोणाला काय हवं आहे. सगळा बाजार ऐकत होता. हवालदारही ऐकत होता. त्याला चोरून ऐकायची गरजच ठेवली नाही मी.

माणसं जामिनावर सुटली. खटला वर्षानुवर्षं चालला. माझं बूथ काढून घेतलं, अटी मोडल्या म्हणाले. कोणती अट, ते सांगितलं नाही. मी धुळ्याला टेलिफोनच्या कचेरीत गेले, फोन बंद करायचा हुकूम मागितला. इथं नाही, तिकडं जा. तिकडं गेले. तिकडं म्हणाले, आम्ही दिलाच नाही. दारं बदलत गेली, उत्तर तेच. तेव्हा समजलं. हुकूम नव्हताच. एका माणसानं कोणाला तरी नुसतं तोंडानं सांगितलं, आणि आमच्या तोंडाला कुलूप लागलं. कागद असता तर कोर्टात भांडले असते. म्हणून तर कागद नव्हता.

बूथ पुन्हा मिळालं नाही. मी जमिनीसाठी लढणाऱ्यांच्या संघटनेत गेले. शिवण शिकले, त्यावर जगले. लग्न केलं नाही.

आता म्हातारी झाले आहे. परवा आमच्या भागात जमिनीचाच मोर्चा निघाला, तर नेट बंद केलं. कारण? अफवा. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन चालेना, बायका रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेल्या. ऊसतोडीला गेलेल्यांनी पाठवलेले पैसे पोरांच्या मोबाईलमध्ये अडकले. लाठी खाल्लेल्यांचे फोटो मोबाईलमध्येच राहिले, बाहेर कोणाला दिसले नाहीत. आणि तालुक्याच्या कचेरीत साहेबांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर नेट चालू होतं. मी डोळ्यांनी बघितलं.

मी आत गेले. खुर्ची रिकामी होती, विचारलं नाही, बसले. साहेब तरुण होता, सभ्य होता. "आजी, काय काम?"

"नेट बंद करायचा हुकूम दाखवा. कोणाची सही, कोणतं कारण, किती दिवस. प्रत द्या मला."

"आजी, ते वरून आलंय."

"कागद दाखवा."

"उद्या या."

"उद्या तुम्ही म्हणाल परवा. मी हे ऐकलेलं आहे. कागद असेल तर द्या, मी कोर्टात जाते. नसेल तर आत्ता लाईन सोडा."

तो उठून आतल्या खोलीत गेला. ऊन उतरलं. शिपाई आला, म्हणाला, कचेरी बंद करायची वेळ झाली, दार लावायचंय.

म्हटलं, लाव. मी आतच बसणार आहे.