उंदरांचा नकाशा आणि शिवण्णाची अव्वा

आमच्या कामात संध्याकाळी पिंजरे लावायचे आणि पहाटे उचलायचे. मधे नुसती वाट बघायची. वाट बघणारी माणसं चहा पितात, चहा पिणारी बोलतात, आणि असं करत करत आमच्याकडे उंदरांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

काम म्हणाल तर हंता नावाचा विषाणू शोधायचा. उंदराच्या अंगात तो गुपचूप राहतो, त्याला काही करत नाही. पण लेंड्या सुकल्या, धूळ उडाली, की माणसाच्या श्वासातून आत शिरतो. कुठल्या गावाला किती धोका, ते नकाशावर रंगवायचं काम माझं. आमचे प्रमुख गलगलीसर. आणि उंदीर पकडायला शिवण्णा, ज्याच्या हातून हुबळी-धारवाडचा एक उंदीर सुटत नाही अशी ख्याती.

मात्र स्वतःच्या आईला धान्याच्या खोलीतून बाहेर काढणं काही त्याला जमत नव्हतं. कलघटगीच्या पुढं त्यांचं घर. वडील गेल्यापासून अव्वा त्या खोलीतच झोपायच्या, पोत्यांना टेकून, उंदरांच्या संगतीत. त्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत दोघांना कसलासा ताप आला आणि शिवण्णाचं जेवणावरचं लक्ष उडालं.

*

वरून आलेल्या सूचनेत आमिष म्हणून पीनट बटर लिहिलं होतं. शिवण्णा म्हणाला, "सर, आमच्या उंदराला हे कळायचं नाही. मिरची भजी ठेवू या की."

सर शिस्तीचे. म्हणाले, "अंदाजानं काही ठरवायचं नाही. निम्म्या पिंजऱ्यांत हे, निम्म्यांत ते." रायापूरला गाडी थांबवून गरम भजी घेतली, मोजून. पिंजरे लावताना बघतो तर दोन कमी. शिवण्णानं माझ्याकडं बघितलं, मी शिवण्णाकडं.

सर कागदावरची मान वर न करता म्हणाले, "ती कंट्रोल म्हणून बाजूला काढली."

त्यांच्या मिशीला बेसन लागलेलं होतं.

*

धारवाडच्या मळमड्डीत एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंकडं पिंजरे लावायला गेलो. बाईंनी कोपरे दाखवले, चहा दिला. मग भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "हे काही तुमच्यासाठी नाही हो. शेजारच्या कुलकर्ण्यांकडचे आलेत, त्यांच्यासाठी आहे."

उंदीरमामांना आपला बेत कळला तर ते कपडे कुरतडतात, म्हणून असं बोलायचं. आमच्या आजीचीही हीच रीत होती.

सकाळी बाईंकडचे सगळे पिंजरे रिकामे. कुलकर्ण्यांकडं तीन सापडले. पिंजरे रिकामे राहण्याचं कारण लिहायला आमच्या फॉर्मात एक रकाना असतो. सरांनी बराच विचार करून त्यात लिहिलं : "पूर्वसूचना."

*

नकाशा मी घरीच रंगवत होते. वडिलांचे एक स्नेही चहाला आले आणि चष्मा लावून आपली गल्ली शोधू लागले. ती निघाली लाल.

"हे बदलता येईल का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "पुढच्या रविवारी सोलापूरचे लोक मुलगी बघायला येणार आहेत."

मी म्हटलं, "काका, हा नकाशा ते कशाला बघतील?"

"मुलगा डॉक्टर आहे," काका म्हणाले. "सोमवारपर्यंत हिरवी ठेव. मग लाल कर, माझं काही म्हणणं नाही."

मी नकारार्थी मान हलवली. काकांनी कप खाली ठेवला. "बरं, निदान पिवळी?"

*

पहाटेचं धुकं पडलं की कलघटगीचा रस्ता दिसेनासा होतो. एकदा असं वाटलं की जगात फक्त आम्ही तिघं उरलो आहोत आणि पुढं कुठंतरी बांधावर आमचे पिंजरे आहेत. शिवण्णा हातमोजे चढवून धुक्यात शिरायचा आणि पिंजरा नुसता उचलून, न बघता सांगायचा. "रिकामा." "भरलेला." "भरलेला, पोटुशी आहे." सर मागून तपासत यायचे. तो एकदाही चुकला नाही.

मग एक पिंजरा उचलून तो नुसताच उभा राहिला. मी विचारलं, "काय झालं शिवण्णा?"

"अक्का, आत आहे. पण हलतच नाही. आमची अव्वा अशीच बसते बघा, उठ म्हटलं की."

त्याचा चेहरा मला धुक्यात दिसत नव्हता. बरं झालं, नाहीतर मीच रडले असते.

*

आता अव्वांच्या घराचं. नकाशात ती वाडी पांढरी राहिली होती, म्हणजे तपासणीच नाही. सरांनी ऑफिसच्या कॅलेंडरवर बघून मोकळी तारीख धरली. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशीची. तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की त्या भागात हा दिवस इलिवार असतो. उंदरांचा सण. त्या दिवशी कापडाला कात्री लावत नाहीत, उंदरांना नैवेद्य ठेवतात. आणि आम्ही दारात उभे, पिंजरे घेऊन.

शिवण्णानं कपाळावर हात मारला. अव्वा मात्र रागावल्या नाहीत. एकेक पिंजरा पदरानं पुसला, हळदकुंकू लावलं, आत एकेक पुरणाचा कडबू ठेवला आणि सगळ्यांची दारं दोऱ्यानं उघडीच बांधून टाकली. सकाळी पिंजरे रिकामे आणि कडबू फस्त. सरांनी नोंद केली : "पकड शून्य. हजेरी पूर्ण."

मी खोलीत डोकावले. वरच्या कौलातून उन्हाचा एक पट्टा पोत्यांवर उतरला होता आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. ज्या धुळीच्या भीतीनं आम्ही मास्क लावून हिंडतो, तीच धूळ. मला भीती वाटली, आणि तिथंच बसून राहावंसंही वाटलं.

"अव्वा, ओसरीवर झोप," शिवण्णा म्हणाला. "मी पाया पडतो."

"माझं काय राहिलंय आता," अव्वा म्हणाल्या. "इथं रात्री कुणीतरी हालचाल करतं. बरं वाटतं." मग सरांकडं वळल्या. "तुम्हाला रक्तच तपासायचंय ना? त्यांना हात लावू नका. माझं घ्या."

सरांनी संमतीचा फॉर्म वाचून समजावला, अंगठा घेतला, आणि रक्त घेतलं.

*

रिपोर्ट आला तेव्हा शिवण्णा तो हातात घेऊन पायरीवर बसला. पूर्वी कधीतरी अव्वांना ही लागण होऊन गेली होती. त्यातून त्या उठल्या, पण त्या खोलीत विषाणू आहे हे नक्की झालं.

आम्ही तिघंही सांगायला गेलो. अव्वा पोत्याला टेकून बसल्या होत्या. शिवण्णाला बोलवेना, म्हणून सरांनीच सुरुवात केली. "अव्वा, तुमच्या रक्तात एका आजाराची खूण सापडली आहे. हा आजार उंदीर आणि माणूस..."

"माझ्या रक्तात?" अव्वांनी विचारलं.

"हो. तर तो उंदीर आणि..."

अव्वा गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. आमच्यादेखत वाकळ गुंडाळली, उशी काखेत घेतली, तांब्या उचलला आणि ओसरीकडं निघाल्या. इतके महिने जे कुणाला जमलं नव्हतं ते होताना आम्ही नुसते बघत राहिलो.

"अव्वा, तसं नाही, उलट..." सर म्हणाले, तेवढ्यात शिवण्णानं त्यांचा दंड घट्ट धरला.

अव्वांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि खोलीचं दार मागं हलकेच ओढून घेतलं.

"आधी नाही का सांगायचं," त्या म्हणाल्या. "बारकी बारकी पिल्लं आहेत त्यांची आत."