पांढऱ्या कपाळाची जपानीण

मला तपकिरीचा नाद नव्हता, सोंगट्यांचा नव्हता. नाद होता तो जपानी बायकांचा. चित्रांतल्या, हे लगेच सांगितलेलं बरं. मी मुंबईला कारकून होतो. तिथे कोटात, म्हणजे फोर्टात, एका बोहऱ्याच्या दुकानात जपानी कपबश्यांबरोबर कागदी तसबिरी यायच्या. लाकडात कोरलेल्या ठशांनी छापलेल्या. रंगागणिक वेगळा ठसा, आणि तरी एक रंग दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकत नाही! पगार झाला की एखादी निवडायची आणि आगगाडीत मांडीवर जपत ठाण्याला आणायची.

सगळ्यांत लाडकी होती ती केस विंचरणारी. ठाण्यातल्या चेंदणीच्या कोळणींचे फुलं माळलेले अंबाडे मी रोज बघत होतो, तेही काही कमी नव्हेत. पण इथे कपाळाशी एकेक केस सुटा दिसायचा. लाकडातून असा केस काढणाऱ्याचे हात डोळ्यांना लावावेत, असं मी येईल त्याला सांगायचो. ती तसबीर मी माजघरात लावली, आणि तिथेच चुकलो.

चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी आई तिच्यापुढे थबकली.

"अरे, हिचं कपाळ पांढरं! सवाष्णी यायच्या आणि समोर विधवेचं चित्र? कुंकू लावते हिला, नाहीतर उतरव."

"अगं, त्यांच्यात कुंकू लावतच नाहीत. नुसता कागद आहे, ओलं बोट लागलं की गेलंच चित्र!"

"त्यांच्यात नसेल. घर आपलं आहे."

तिनं कालवलेल्या कुंकवात बोट बुडवलंसुद्धा.

आत आत्या कैरीची डाळ वाटत होती. ही वडिलांची धाकटी बहीण. अकराव्या वर्षी विधवा झाली, तेव्हापासून न्हावी मागल्या दारानं येऊन तिचं डोकं भादरून जायचा. हळदीकुंकवाची डाळ तिनं वाटायची आणि बायका आल्या की परसात जाऊन बसायचं, असा घरचा रिवाज. आमचा आवाज ऐकून ती दाराशी आली. तसबिरीकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"वहिनी, ती विधवा कशी असेल?" ती म्हणाली. "केस आहेत की तिला."

आईनं बोट पदराला पुसलं आणि चित्र राहिलं. मला मात्र मान वर करवेना. त्या केसांचं कौतुक मी वर्षभर घरात करत होतो, आणि तेही आत्याच्या देखत.