इरिनेओसाठी निरोप

गेल्या वर्षी ३ जुलैला नगरपालिकेने मेंढपाळांना चाऱ्याची भरपाई म्हणून चौदा लाख अठरा हजार सहाशे पेसो दिले. त्या दिवसापासून नगरपालिकेच्याच आमच्या रेडिओ केंद्रावर 'बर्फ' हा शब्द उच्चारायची चोरी झाली.

मी या केंद्राचे हिशेब सांभाळतो, तेव्हा भरपाई कशाची ते सांगतो. आमच्याकडे जून-जुलैत ऐन हिवाळा असतो. हवामान खात्याने साठ सेंटिमीटरपर्यंत बर्फ पडेल असं कळवलं होतं. आमची निवेदिका सुलेमा कायुपान हिने ते तसंच वाचलं. वरच्या पठारावरच्या सगळ्यांनी मेंढ्या खालच्या मेंढवाड्यांत आणल्या, हिवाळ्यासाठी राखलेला चारा त्यांना घातला आणि आभाळातून एक कण पडला नाही. सुलेमाचा सख्खा भाऊ इरिनेओ, त्याच्या गाभण मेंढ्या त्या घाईत गाभडल्या. "तुझ्या रेडिओने माझी कोकरं पोटातच मारली," एवढं बोलून तो गेला, तो पुन्हा बहिणीच्या दारात आला नाही.

पठारावर फोन लागत नाही. दुपारी साडेबाराला लोक जपून ठेवलेल्या बॅटरीवर रेडिओ लावतात. आधी हवामान, मग गावातल्या नातेवाइकांनी पाठवलेले निरोप. चुलीपाशी बसून स्वतःचे ऐकतात आणि दुसऱ्यांचेही ऐकतात. "बेनिग्नोसाठी, बायकोकडून. सुनेला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, नाव तुम्ही सुचवू नका." सुलेमा हे असले निरोप तरुणपणापासून वाचते आहे, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय हे सगळ्या पठाराला तिच्या आवाजात माहीत आहे. एका निरोपाला नऊशे पेसो पडतात. पाठवणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत, हा नियम भिंतीवर लावलेला आहे.

यंदा जूनच्या अखेरीस दक्षिणेकडून वादळ निघालं. सकाळी सुलेमाने हवामान खात्याला फोन लावला. तिकडचा माणूस निदान प्रामाणिक होता.

"बाई, वारा वळला तर पाच सेंटिमीटर. नाही वळला तर साठ."

"मग मी मेंढरं पाचएवढी हलवायला सांगू की साठएवढी?"

"ते मी कसं सांगणार?"

"वारा तुम्हाला कधी कळवणार आहे?"

"रात्री."

"रात्री पठारावर कुत्र्याला तरी वाट दिसेल का, अहो!" तिने फोन आपटला.

'पाच ते साठ' असं लिहून तिने कागद केंद्रप्रमुख बोनफान्ती साहेबांपुढे ठेवला. हे गृहस्थ समुद्रकाठच्या शहरातून इथे आले. मेंढी त्यांनी ताटातच पाहिलेली. त्यांनी पेन काढलं आणि 'ते साठ' खोडलं.

"साहेब, हे खोटं आहे."

"खोटं कसं? पाच त्यांनीच सांगितलं ना?"

"साठही त्यांनीच सांगितलं."

"सुलेमाबाई, तुमच्या त्या साठपायी मी महापौरांच्या शिव्या खाल्ल्यात. पाच वाचा."

"आणि पडला साठ तर?"

"तर ती देवाची करणी."

मी म्हणालो, "खोडताना मी पाहिलंय, साहेब."

"तुम्ही बेरजा करा."

सुलेमा माझ्या टेबलाशी आली. "हिशेबनीस, पावती फाडा. एक निरोप."

"कोणाचा?"

"माझा. इरिनेओला."

"पैसे?"

"लिहून ठेवा."

साडेबाराला तिने पाच सेंटिमीटर वाचलं. मग इतरांचे निरोप वाचले. शेवटी तिचा आला.

"इरिनेओ कायुपानसाठी, बहिणीकडून. मघाशी वाचलेला पाच हा अर्धाच आकडा आहे. खरं म्हणजे पाच ते साठ, आणि कोणालाच काही ठाऊक नाही. कोकरांचा राग माझ्यावर काढ, हयातभर काढ, पण ऊन आहे तोवर मेंढ्या खाली आण. गाभण मेंढ्या मागे ठेव, हळू चालव. यंदाही नाही पडला बर्फ तर दारात येऊन शिव्या दे. निदान दारात तरी येशील, मेल्या!"

बोनफान्ती साहेब धावत आले. "हे काय होतं?"

"निरोप. शब्द बदलायचे नाहीत. भिंतीवरच्या नियमाखाली सही तुमचीच आहे," सुलेमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावात नुसती भुरभुर पडली. बेकरीवाला रस्त्यातून ओरडला, "सुलेमा, तुझ्या बर्फाने पाव भिजले गं!" साहेबांनी खिडकी उघडून तिला रिकामा रस्ता दाखवला आणि निलंबनाची नोटीस हातात दिली. पठारावरून मात्र कोणीच गावात आलं नाही, तिकडे काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. ती नोटीस पिशवीत घालून सुलेमा रोज दुपारी निरोप वाचायला येत राहिली, आणि तिच्या जागी वाचणारं दुसरं कोणी नसल्याने साहेबांनी तिला वाचू दिलं.

मग एक दिवस पठारावरचा बेनिग्नो घोड्यावरून आला. कमरेपर्यंत भिजलेला. तो सरळ साहेबांच्या खोलीत घुसला.

"पाच सेंटिमीटर? माझ्या घोड्याचं पोट बर्फाला घासत होतं! कोणी लिहिलं ते पाच?"

साहेब म्हणाले, "हवामान खात्याला विचारा."

सुलेमाने त्याची बाही धरली. "मेंढ्या आणल्या का सगळ्यांनी?"

"तुझा निरोप ऐकून आणल्या सगळ्यांनी. इरिनेओ सोडून."

"का? त्याने ऐकलं नाही?"

"पाचपर्यंत ऐकलं. तुझा आवाज त्याला सहन होत नाही ना, आकडा कळला की रेडिओ बंद करतो. मी वाट वाकडी करून सांगायला गेलो तेव्हा बर्फ पडायला लागला होता. तो वाचला, माझ्याकडे निजलाय, पाय सुजलेत. मेंढ्या निम्म्या वरच राहिल्या."

बेनिग्नोने खिशातून घडी केलेला कागद आणि नऊशे पेसो काढले. इरिनेओचा निरोप होता. सुलेमाने तो वाचला, पुन्हा वाचला. मी म्हटलं, "हा सोडून दे. कोणाला कळणार आहे?"

"मी खोडाखोड करत नाही," ती माझ्यावरच खेकसली.

साडेबाराला तिने तो पठाराला ऐकवला. "सुलेमासाठी, भावाकडून. पाच मी तुझ्याच तोंडून ऐकलं."

नोटीस साहेबांनी चार दिवसांनी परत घेतली. खोडलेला कागद माझ्याकडे आहे. तो मागायला ते आले होते, मी दिला नाही.

इरिनेओच्या निरोपाचे पैसे जमा झाले. सुलेमाच्या निरोपाचे नऊशे पेसो अजून येणे आहेत.