बुधवारचं नाव

भानुदास लोखंडे पुस्तकाला कव्हर घालायचे ते गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानाचं, तारखांची बाजू वर ठेवून. आत कुणाचं चरित्र आहे हे शेजारी बसणाऱ्यालाही कळू नये, एवढ्यासाठी. कंपनीच्या बसमध्ये डावीकडची चौथी सीट त्यांची. बस काळेवाडी फाटा सोडून पुढे लागली की ते पुस्तक मांडीवर ठेवत, मागे वळत आणि विचारत, "हां, तर काल आपला गडी कुठं होता?" मग चाळीस माणसं मोबाइल खिशात टाकत.

चाकणला पोचायला तास-सव्वा तास लागायचा. आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून आठवडा शुक्रवारी उघडतो. लोखंडे शुक्रवारी एक चरित्र काढत आणि बुधवारी संपवत. माणसं सगळी गाजलेली, म्हणजे अर्ध्यांनी डोक्यावर घेतलेली आणि उरलेल्यांनी शिव्या घातलेली. मंत्री, कारखानदार, नट्या, एक-दोन बुवाही होऊन गेले. पण बुधवारपर्यंत नाव नाही. तोवर नुसता 'आपला गडी', नाहीतर 'आपली बाई'. बुधवारी मोशी मागे पडली की ते नाव सांगत, आणि नाव सांगितल्यावर कंपनीचं गेट येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. हेल्मेट घाला म्हणून भिंतीवर एवढ्या पाट्या आहेत, पण तो नियम इतक्या माणसांनी इमानदारीत पाळलेला मी कधी पाहिला नाही.

"आधी माणूस ऐका," ते म्हणायचे. "नाव आलं की कान बंद होतेत."

लोखंडे मूळचे औशाकडचे. आयटीआय करून इकडे आले आणि तीस वर्षं इन्स्पेक्शनला राहिले. बुटके, कानावर केस, शर्टाच्या खिशात कॅलेंडरच्याच कागदाच्या सहा चिठ्ठ्या. रोज एक चिठ्ठी. तिच्यावर तीन-चार ओळी लिहिलेल्या, तेवढ्यावर तो सव्वा तास ते ओढून न्यायचे. पुस्तक कुणी लिहिलंय हे मात्र ते कधीच सांगत नसत. लिहिणारा त्यांच्या लेखी नव्हताच. मला सगळ्यात झोंबायचं ते हे.

कारण मी लिहिणारा. एमए मराठी, नोकरी स्टोअरमध्ये, वर कंपनीच्या त्रैमासिकाचा संपादक. आणि एका चरित्राचा लेखक. पिंपरीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगार पुढाऱ्याचं चरित्र मी नऊ वर्षं खपून लिहिलं. या पुढाऱ्याने मोठा संप केला आणि एका दुपारी अचानक तो मागे घेतला. विकला गेला म्हणून लोकांनी त्याचं तोंड बघणं सोडलं. सांगवीच्या एका सभागृहात प्रकाशन झालं, तेव्हा समोर माझे नातेवाईक आणि दोन सतरंजीवाले होते. उरलेल्या प्रती आमच्या दिवाणाखाली आहेत. झाडू मारताना बायको म्हणते, "तुमच्या पुढाऱ्याला जरा पलीकडं सरकवा."

तर मला लोखंड्यांचा हेवा वाटायचा. आडून-आडून कशाला सांगू, पोट जळायचं माझं. या माणसाला सन धड लक्षात राहत नव्हतं. एकदा त्यांनी एका मंत्र्याला त्याच्या राजीनाम्यानंतर दोन वर्षांनी शपथ देऊन टाकली. मी तिसऱ्या सीटवरून म्हटलं, "सन चुकलं." मागून कुणीतरी म्हणालं, "सर, गप बसा ना राव, तो आत्ता घरातनं निघालाय." लोखंडे हसले आणि म्हणाले, "सरांचं बरोबर हाय. सन माझं कच्चंच." तेही गोड बोलून. त्या आठवड्यात मी कानांत इअरफोन घालून बसलो. त्यांत गाणं नव्हतं. एक शब्द मी चुकवला नाही.

त्यांची कला मला कळत होती, म्हणून तर जळफळाट. आमच्या बसमध्ये म्हादू म्हणून एक फिटर होता, मूळचा मोशीचा, जुन्या गावकीतला. एका मोठ्या साहेबांचा फोटो त्याच्या मोबाइलवर असायचा. एका आठवड्यात पाच दिवस त्याने 'आपल्या गड्या'ला लबाड, बायकोला छळणारा, सख्ख्या भावाला बुडवणारा म्हणून झोडपला. बुधवारी नाव निघालं ते त्याच्याच साहेबांचं. म्हादू गेटपर्यंत हातातल्या फोनकडे बघत राहिला. उतरताना एवढंच म्हणाला, "फोटू न्हाई काढायचो मी. पण आता त्यो मानूस वाटाया लागला." फोटो आजही आहे. माझ्या लिखाणाने कुणाच्या फोटोला धक्का लागला नव्हता आणि कुणाचा माणूसही झाला नव्हता.

मग लोखंड्यांच्या निवृत्तीआधी तीन महिने तो शुक्रवार आला. 'आपला गडी' सातवीत शाळा सोडून बहिणीच्या हाताला धरून पिंपरीत उतरतो इथपर्यंत लोखंडे आले, आणि मी ओळखलं. हा माझा पुढारी. याच्यावर आणखी दोन पुस्तकं आहेत, नामवंतांची. हे त्यांतूनच सांगणार असं मी धरून चाललो. माझं पुस्तक कोण वाचतंय? शनिवार, रविवार, सोमवार मी नुसता वाट बघत होतो की काय चुकतं. फारसं चुकत नव्हतं. सनावळीसुद्धा.

मंगळवारी संप मोडला. 'आपल्या गड्या'ला कामावरून काढलेलं, लोक थुंकतायत, आणि घरात म्हातारी आई. लोखंड्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, "आईला सांगितलंच न्हाई त्यानं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा. गेटासमोरच्या बसस्टॉपवर बसायचा. भोंगा झाला की तितंच डबा खायचा आन् सांजच्याला घरी. वरीसभर. आई मरेपर्यंत म्हणत होती, माझा लेक कामावर हाय."

म्हादू पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकवून बसला होता. तसाच बोलला, "माझा बा बी असाच निघायचा. असल्याच एका संपानंतर. आमाला दोन वर्सांनी कळलं."

आणि माझं डोकं फिरलं. डब्याची गोष्ट जगात एकाच ठिकाणी छापलेली होती, माझ्या पुस्तकाच्या परिशिष्टात. त्या पुढाऱ्याच्या बहिणीकडे मी चार वेळा गेलो, पाचव्या वेळी तिने ती सांगितली. मला ती घरगुती वाटली, पुराव्यात बसेना, म्हणून मी ती बारीक टायपात मागे टाकली. हा माणूस ती उचलून बरोब्बर मधोमध ठेवत होता आणि चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. माझी गोष्ट, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी उभा राहिलो आणि त्या पुढाऱ्याचं नाव मोठ्याने सांगितलं. हे माझ्या पुस्तकातलं आहे, असंही मी म्हणालो, पण ते कुणाच्या कानांत गेलं नाही. नाव तेवढं गेलं. मी ते नाव इथे लिहिणार नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे झालं.

म्हादूने मान वर केली. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग तोंड वाकडं झालं. "ह्या मानसाचं नाव आमच्या घरात घेत न्हाईत," तो म्हणाला. "माझा बा ह्याच्यामुळं बसला घरी. आन् मी ह्याच्यासाठी रडतोय व्हय?" तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला. मग कुणी म्हणालं पैसे खाल्ले होते त्याने, कुणी म्हणालं खाल्ले नव्हते, दोघे-तिघे एकमेकांच्या अंगावर गेले, ड्रायव्हरने बस बाजूला घेतली. लोखंड्यांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "सर, एकच दिवस राहिला होता." रागावले असते तर बरं झालं असतं.

बुधवारी त्यांनी पुस्तक काढलं नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. विचारलं तर म्हणत, "आता गळा बसतो लेकाहो." हळूहळू सगळ्यांच्या कानांत इअरफोन आले, त्यांत गाणी होती. मला कुणी काही म्हणालं नाही, पण माझ्या शेजारची जागा बस भरली तरी रिकामी राहायची. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला थोडं बरंही वाटलं. त्यांचंही आता कुणी ऐकत नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं. त्यांच्यावर चार शब्द मीच लिहून आणले होते, संपादक म्हणून. जन्मसाल, रुजू झाल्याची तारीख, सगळं अचूक. ऐकताना ते मान डोलवत होते. परतीच्या बसमध्ये चढताना त्यांनी माझ्या हातात कॅलेंडरचं कव्हर घातलेलं ते पुस्तक दिलं. "कंपनीच्या लायब्ररीचं हाय. माझ्या नावावर हाय, तेवढं जमा करा सर," म्हणाले, आणि आपल्या चौथ्या सीटवर जाऊन बसले.

मी उघडलं. माझंच पुस्तक, मीच लायब्ररीला भेट दिलेलं. मागच्या कार्डावर एकच नाव होतं, भानुदास लोखंडे, पाच वेळा. शेवटच्या पानात एक चिठ्ठी होती. वर 'बुधवार' लिहिलेलं. खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात चार ओळी.

म्हादूला माझ्याजवळ बसवायचं.
नाव सांगायचं.
सरांना उभं करायचं. हे ह्यांनी शोधलं, नऊ वर्षं, म्हणायचं.
गेटपर्यंत कुणी बोलायचं नाही.

मी ती दोनदा वाचली. म्हणजे म्हादूच्या बापाचं त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. चौथ्या सीटकडे पाहिलं, तर लोखंडे शाल अंगावर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. पलीकडच्या सीटवरून म्हादूने विचारलं, "काय लिवलंय सर?" बऱ्याच दिवसांनी माझ्याशी कुणीतरी आपण होऊन बोललं होतं. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि काळेवाडी येईपर्यंत कुणाशी बोललो नाही.