नवाबाची शेरवानी

वसमतच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, आमच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. ते गेल्यावर धाकट्या भावानं तिथं काचेचा दरवाजा बसवला, एसी लावला आणि वर पाटी चढवली: ‘शाही टेलरिंग, नवाबांच्या काळापासून’. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून दुकानाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी खरं तेच लिहिलं. आजोबा मोंढ्यातल्या हमालांचे सदरे शिवायचे. वडील पोलिसांच्या खाकी पँटी आणि बँडवाल्यांचे लाल कोट. वाचून भाऊ भडकला.

“ताई, हमालांचे सदरे वाचून नवरदेव येईल का? आजोबांनी नवाबाची शेरवानी शिवली असं लिही.”

“कोणत्या नवाबाची?”

“कोण विचारून राहिलं?”

मग त्यानंच लिहिलं. नांदेडहून एका मिशाळ माणसाची जुनी तसबीर आणून सोनेरी चौकटीत टांगली. तो कोण, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. हे आमचं पहिलं नामांकित गिऱ्हाईक.

दुसरं उद्घाटनाला आलं. तालुक्यातले एक पुढारी. “माझे सगळे कपडे याच घरानं शिवले,” असं माइकवर बेधडक म्हणाले. वास्तविक ते एकदाच आले होते, निवडणुकीच्या वेळी, पोटावर न बसणारं रेडिमेड जाकीट ढिलं करायला. शिवणीत सोडायला जादा कापडच नाही, असं वडिलांनी सांगितलं. तरी करायला लावलं. हट्टा गावच्या सभेत साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि जाकीट पाठीत फाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसांनी भर बाजारात वडिलांना शिव्या घातल्या. वडिलांनी हात जोडून माफी मागितली. मी शेजारी उभी होते.

आता त्याच साहेबांच्या गळ्यात भाऊ हार घालत होता. मागं बसलेली आई मोठ्यानं म्हणाली, “व्हय, यांचंच जाकीट फाटलं व्हतं की!”

काही लोक हसले. पुढारीही हसले, जणू दुसऱ्याच कुणाचं फाटलं होतं. भावानं घाईघाईनं गाणं लावायला सांगितलं आणि आईच्या हातावर पेढा ठेवला. तिनं तो शेजारणीच्या लेकराला देऊन टाकला.

दुकान जोरात चालतं. परवा आमच्या शाळेतल्या एका सरांनी मुलाच्या लग्नाची शेरवानी तिथंच शिवून घेतली. सर इतिहास शिकवतात. मला कौतुकानं म्हणाले, “तुमचे आजोबा नवाबाच्या पदरी होते म्हणे!”

“हमालांचे सदरे शिवायचे,” मी म्हटलं.

“किती हा विनय, मॅडम!” असं म्हणून त्यांनी पत्रिका माझ्यापुढं धरली. मी ती न उघडताच पर्समध्ये कोंबली.